मुलांपुढे ‘नको ते विषय’

पंचवटीत माझी थोरली बहीण लहान मुलांसाठी वाचनालय चालवते. यंदा दिवाळीच्या सुट्टीसाठी तिने सुपरहिरोंची कॉमिक्स मागवली, तेव्हा काही पालकांनी हरकत घेतली. मारामारी चालेल, पण वर्णभेद, व्यसने, पोलिसांच्या चुका असले नको ते विषय मुलांपुढे कशाला, असे त्यांचे म्हणणे. मी बारा वर्षे न्यू जर्सीत राहतो. ताईने फोनवर मत विचारले, ते इथे सविस्तर मांडतो.

हीच हरकत अमेरिकेत एके काळी नियम होऊन बसली होती. १९५४ मध्ये सिनेटच्या उपसमितीने कॉमिक्सची झाडाझडती घेतल्यावर प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता स्वीकारली. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर वाटेल असे दाखवायचे नाही आणि प्रत्येक वेळी सज्जनांचाच विजय व्हायचा, असे तिचे दंडक होते. पुढे १९७१ मध्ये खुद्द सरकारच्या आरोग्य खात्याने अमली पदार्थांचे धोके मुलांना सांगण्याची विनंती केली, तर तो विषय घेतलेले ‘स्पायडरमॅन’चे तीन अंक संहितेच्या मंजुरीच्या शिक्क्याविना काढावे लागले.

माझ्या मनात मात्र १९७० चे एक पान घर करून आहे. ग्रहोग्रही फिरून रक्षण करणारा ग्रीन लँटर्न हा कॉमिक्समधला सुपरहिरो एका घरमालकाला चिडलेल्या भाडेकरूंपासून वाचवतो आणि मग त्याला कळते की हा मालक त्या गरिबांना बेघर करायला निघाला आहे. तेव्हा एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ पुढे येऊन विचारतो, की निळ्या, नारिंगी, जांभळ्या कातडीच्या लोकांसाठी तू एवढे केलेस, मग काळ्या कातडीची माणसेच तुला कशी दिसली नाहीत? ब्रह्मांडाचा तो रक्षक मान खाली घालतो. त्याच्यापाशी उत्तर नसते.

ते पान पाहताना मला काळाराम मंदिराचा दरवाजा आठवला. शाळेत जाता-येता आम्ही रोज त्यावरून जायचो, पण २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिथे प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला होता, हे आमच्या घरात कधी कुणी बोलले नाही. तोही नको तो विषयच असणार.

परदेशात सगळे मोकळे आहे असेही नाही. पुस्तके हटवा म्हणणारे पालक इथेही आहेत. कॉमिक्सची एक उणीव मलाही खटकते. ती प्रश्न खरा विचारतात, पण उत्तर बहुधा एकाच बलवान माणसाच्या मुठीत शोधतात. काळारामचा लढा हजारो साध्या माणसांनी सुमारे पाच वर्षे चालवला, आणि तरीही तेव्हा दार उघडले नाही.

ताईला मी सांगितले, की अंक मोठ्या मुलांच्या कपाटात ठेव आणि एखाद्या शनिवारी त्यांना मंदिरापर्यंत चालत घेऊन जा. वाचनालयापासून दहाच मिनिटे लागतात.