पंप बदला म्हणे! पण कुठला, आणि कशाला?

उन्हाळ्यात पानशेतला बोटी पाण्यात उतरायला लागल्या की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला एकाच दिवशी तिघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: नव्या पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे जुनी बोट इंजिनं मरतायत. म्हणून शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरा, ताकद वाढेल. जुना पंप काढून इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप लावा. साधं पेट्रोल असेल तर पाण्यानं धुऊन इथेनॉल काढा. आणि टू-स्ट्रोक इंजिनाला (ज्याचं ऑइल पेट्रोलातच मिसळतात) ऑइल जरा सढळ हातानं घाला.

रोग बऱ्यापैकी ओळखलाय, पण औषधं भलतीच.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये दाबाखाली पेट्रोल अवेळी आपोआप पेटू नये, त्याचं ते माप. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या आउटबोर्डचं (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचं) कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, कमी, तिला साध्या पेट्रोलचं ऑक्टेन पुरून उरतं. पुण्यात शंभर ऑक्टेनचं पेट्रोल २०२० च्या डिसेंबरात आलं. त्यात इथेनॉल नसेल तर जुन्या रबराला त्याचा फायदा जरूर आहे, पण तो इथेनॉल नसण्याचा, शंभर आकड्याचा नाही. गंमत अशी की इथेनॉल स्वतःच ऑक्टेन वाढवतं. त्यामुळे मोठा आकडा बघून 'यात इथेनॉल नसणार' असं धरून चालू नका, पंपावर विचारा.

इथेनॉलचा खरा त्रास वेगळा आहे. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. गाडीतला सेन्सर हा फरक सांभाळून घेतो. जुन्या इंजिनातल्या कार्बोरेटरचा (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, थोडक्यात कार्ब) जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, मात्र ठरलेल्या भोकाची. म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, इंधन कमी) आणि इंजिन तापतं. स्पार्क प्लग काढून पाहा: बदामी असेल तर ठीक, पांढरा पडला असेल तर मेन जेट एक नंबर मोठा लावायची वेळ आलीये.

आता पंप. (आपल्याकडे पेट्रोल भरतो तोही पंप आणि इंजिनावरचा तोही पंप, त्यामुळे 'पंप बदला' वाचून एकानं कात्रजचा सोडून वारज्याचा धरला!) मेसेजातला हाच सल्ला सर्वांत घातक आहे. जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डच्या पंपाला ना वायर ना मोटर. पिस्टन वर-खाली होताना क्रँककेसमधला (पिस्टनखालच्या पोकळीतला) दाब कमी-जास्त होतो, तो एका बारीक भोकातून डायफ्रामला (लवचीक पडद्याला) हलवतो, की पेट्रोल पुढे सरकतं. दाब जेमतेम चार-पाच पीएसआय. इंजेक्शनच्या गाडीचा पंप चाळीसच्या पुढे देतो. कार्बमधली पेट्रोल अडवणारी सुई एवढ्या दाबाला बसूच शकत नाही.

ओळखीच्या एकानं हा प्रयोग केला. कार्ब उतू गेला, इंजिन बंद पडलं, पंप मात्र चालूच! बोटीच्या तळाशी बोटभर पेट्रोल साचलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच बसते. त्या दिवशी ठिणगी पडली नाही हे नशीब.

इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) इंजिनाला पंप खरंच बदलायचा असेल, तर नाना पेठेतला हुबेहूब दिसणारा गाडीचा पंप घेऊ नका. मरीन (खास बोटींसाठीच्या) पंपाला दुहेरी डायफ्राम असतो. पहिला फाटला तर पेट्रोल नळीतून कार्बकडे जातं, बोटीत सांडत नाही. गाडीचा पंप गळला तर रस्त्यावर गळतो, इथे तुमच्या पायाखाली.

त्याआधी पंप गेलाय का, ते तरी बघा. इंजिन रेस केल्यावर मरायला लागलं की लाइनमधला रबरी फुगा हातानं दाबत राहा. इंजिनानं वेग उचलला, तर पेट्रोल कमी पडतंय. मग आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू, मग पाइप, मग फिल्टर, शेवटी डायफ्राम. वरच्या मित्राचा पाइप बाहेरून नवाकोरा होता. चाकूनं उभा चिरला तर आतलं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं. पंपानं ओढलं की ती जीभ रस्ता अडवायची. जुना डायफ्राम उजेडाकडे धरून पाहिला: थोडा कडक झालेला, पण भोक एकही नाही.

पेट्रोल धुण्याचा प्रकार बाटलीत छान दिसतो. शंभर मिली पेट्रोलमध्ये दहा मिली पाणी घालून हलवा, तळाचं पाणी पंचवीस मिलीच्या पुढे जातं, कारण इथेनॉल खाली उतरलं. पण त्याबरोबर ऑक्टेनही उतरलं, आणि वरच्या पेट्रोलात थोडी ओल राहिलीच. हेच पावसाळाभर अर्ध्या ठेवलेल्या टाकीत आपसूक होऊ शकतं. ऑइल वर पेट्रोलात राहतं, टाकीतली नळी मात्र तळाचं पाणी-इथेनॉल ओढते. टू-स्ट्रोकचा पिस्टन मग कोरडाच घासतो आणि सीझ होतो (जागीच अडकतो). जूनमध्ये टाकी आणि कार्ब रिकामे करणं हाच त्यावर इलाज.

राहिलं सढळ ऑइल. ऑइल वाढलं की तेवढ्याच थेंबात पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण आणखी पातळ, वर प्लग काळा. कंपनीनं पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल सांगितलं असेल तर पन्नासला एकच, तेही टीसी-डब्ल्यू३ (बोटींच्या टू-स्ट्रोक ऑइलचा दर्जा) लिहिलेलं मरीन ऑइल. मोपेडचं नको.

मित्रानं पाइप आणि फुगा बदलला, जुनाच पंप परत चढवला, आणि आता बोट पानशेतच्या पाण्यात दोन ओढींत सुरू होते. इंजेक्शनचा पंप फळीवर पडून आहे. कुणाला गाडीसाठी हवा असेल तर तो द्यायला तयार आहे.