न मागता आलेला दुधाचा डबा गरिबाघरी देऊ नका

घरात बाळ आलं की अंगडी-टोपडी, डिंकाचे लाडू, अळीव यांच्या जोडीला हल्ली पावडरच्या दुधाचा डबाही न मागता घरात येतो. कधी दवाखान्यातून डिस्चार्ज मिळताना फाइलसोबत दिलेल्या पिशवीत असतो. कधी बाळाचं तेल-साबण घेताना दुकानदार "कंपनीकडून आलंय, ठेवा" म्हणून हातात देतो. कधी अमेरिकेतली बहीण सुट्टीवर येताना बॅगेत घालून आणते, कारण तिकडे गरोदरपणात कुठे नाव नोंदवलं की कंपन्या घरपोच डबे पाठवतात.

बाळ अंगावर छान पितंय आणि डबा सीलबंद पडून आहे, अशा घरांत पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आता याचं काय करायचं? आपल्याकडे अन्न टाकवत नाही. मग तो डबा कुणाला तरी दिला जातो आणि बहुतेक वेळा आपल्याहून गरीब घरात जातो. धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या सुनेला, शेजारच्या बांधकामावरच्या कुटुंबाला, गावाकडच्या शेतावर राहणाऱ्या मजुरीणीला. देणाऱ्याचं मन चांगलं असतं, त्याबद्दल मला शंका नाही. तरीही हात जोडून सांगते, हे करू नका.

साधा हिशेब बघा. तीन-चार महिन्यांचं पाच-साडेपाच किलोचं बाळ पूर्णपणे पावडरच्या दुधावर असेल तर त्याला दिवसाला साधारण १०० ग्रॅम पावडर लागते. म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो. त्या चार दिवसांत आईचं काय होतं? अंगावरचं दूध बाळ जितकं ओढेल तितकं तयार होतं. बाळ बाटलीवर गेलं की ओढणं कमी होतं, छातीत दूध साठून राहतं आणि पुढचं दूध तयार होणं मंदावतं. पाचव्या दिवशी डबा रिकामा, पान्हा कमी झालेला आणि बाळ बाटलीला सरावलेलं. आता दुसरा डबा विकत आणायचा, तोही रोजंदारीतून. आणि मग जे घडतं ते डबा देणाऱ्याच्या कानावर कधी येत नाही: डबा जास्त दिवस पुरावा म्हणून दोन चमच्यांच्या पाण्यात एकच चमचा घातला जातो. दूध पांढरं दिसतं, बाळाचं पोटही भरल्यासारखं वाटतं, पण वजन वाढत नाही.

आमच्या नाशिक जिल्ह्यात द्राक्षवेलींच्या गोडी छाटणीच्या दिवसांत पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या बाया दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येतात. अनेकींच्या कडेवर तान्हं मूल असतं. बागेच्या कडेला पालात राहायचं, पाणी टाकीचं किंवा टँकरचं, चुलीला काटक्या वेचून आणायच्या. पावडरचं दूध निर्जंतुक नसतं, हे आपल्यातल्या शिकलेल्यांनाही माहीत नसतं. डबा सीलबंद असला तरी त्यात जंतू असू शकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की उकळलेलं पाणी ७० अंशांच्या खाली यायच्या आत पावडर त्यात मिसळा, मग बाळाला चालेल इतकं निवू द्या आणि बाहेर ठेवलं तर दोन तासांच्या आत वापरा. बाटली आणि बूच दर वेळी उकळून घ्यायचं ते वेगळंच. बागेतल्या बाईने दिवसातून सात-आठ वेळा हे कसं करायचं? तिच्या अंगावरचं दूध ताजं असतं, कोमट असतं, त्याला भांडं लागत नाही, सरपण लागत नाही. आपण चांगल्या मनाने तिला दिलेला डबा तिच्याकडचं हेच काढून घेतो. त्यापेक्षा तिला शेंगदाणे द्या, गूळ द्या, डाळ-तांदूळ द्या. आईचं पोट भरलं की बाळाला पाजायला तिला बळ येईल.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण या विषयावर बोललं की काही आयांना ते टोचतं. पावडरचं दूध म्हणजे विष नव्हे. माझ्या नणंदेची जुळी दिवस भरायच्या आधी झाली, तेव्हा डॉक्टरांनी ते लिहून दिलं आणि त्याने मुलं सावरली. आई गेलेली असते, आजारी असते, काही औषधं चालू असतात, काहींना सगळे प्रयत्न करूनही दूध पुरत नाही. त्यांच्याबद्दल एक शब्दही नाही. त्यांना कुणी नावं ठेवली तर मला राग येतो. पण त्यांचा डबा डॉक्टरांनी बाळ तपासून, वजन बघून ठरवलेला असतो. फुकटच्या डब्यामागे कुणीही बाळ तपासलेलं नसतं.

आणि फुकट देण्यामागे हेतू असतो. बाळंतपणानंतरची दुसरी-तिसरी रात्र आठवा. टाके दुखतायत, चीक थोडाच येतोय, बाळ दर तासाला रडतंय. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचा-दीड चमचा दूध मावतं, म्हणून ते सारखं मागतं आणि त्याच्या सारखं मागण्यानेच दूध उतरतं. पण पहाटे तीन वाजता हे कुणाला सुचत नाही. आजी म्हणते, "दूध पुरत नाहीये गं, वरचं द्या थोडं." डबा कपाटात नसता तर सकाळपर्यंत वाट बघितली गेली असती. तो हाताशी असतो म्हणून उघडला जातो. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू करत असेल आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येत असेल, तर दूध पुरतंय. शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा, आशाताईंना विचारा. पण "लागला तर असू दे" म्हणून डबा घरात ठेवू नका. माझ्या मते हेच सगळ्यात आधी करायचं काम आहे.

आता कायदा. भारतात हे नमुने वाटणं बेकायदा आहे आणि हे आजचं नाही. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेत आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीबद्दलची आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर झाली. ११८ देशांनी बाजूने मत दिलं, विरोधात एकटी अमेरिका होती. तिकडे आजही डबे घरपोच येतात. आपण मात्र १९९२ साली स्वतःचा कायदा केला आणि २००३ साली तो आणखी कडक केला. दोन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या दुधाच्या पावडरीचे, बाळआहाराचे आणि बाटल्यांचे नमुने वाटायचे नाहीत, भेटवस्तू द्यायच्या नाहीत, जाहिरात करायची नाही, विक्री वाढवण्यासाठी गरोदर बाईशी किंवा आईशी संपर्क साधायचा नाही. दवाखान्यात पोस्टर लावायचं नाही. डॉक्टरांना, नर्सना, त्यांच्या संघटनांना पैसे किंवा भेटी द्यायच्या नाहीत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम बघून वाईट वाटतं, ती कधीच वाढायला हवी होती. पण नमुना देणं हा गुन्हा आहे यात काही संदिग्ध नाही.

याच कायद्यात डबे दान करायलाही मनाई आहे, आपल्यासारख्यांसाठी अपवाद फक्त अनाथाश्रमांचा. २०२७ च्या सिंहस्थात सेवेचे मंडप टाकणाऱ्या मंडळांनी हे आत्ताच लक्षात घ्यावं. यात्रेकरूंना अन्नदान जरूर करा, पण तान्ह्या बाळांसाठी पावडरचे डबे वाटू नका.

अमेरिकेतून आलेल्या डब्याचा वेगळा धोका आहे. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांत मापाचा एक चमचा ३० मिलीलीटर पाण्याला असतो. तिकडच्या बहुतेक डब्यांतला चमचा मोठा, तो दोन औंसांना, म्हणजे साधारण ६० मिलीलीटरला असतो. इथल्या सवयीने तिकडचा चमचा ३० मिलीलीटरमध्ये घातला तर दूध दुप्पट दाट होतं आणि ते लहान बाळाच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. उलट केलं तर बाळ अर्धपोटी. असा डबा देताना चमच्याबद्दल चार शब्द कुणी सांगतं का? बहिणीला आधीच सांगा, तिकडेच एखाद्या फूड बँकेत दे. तिथे सीलबंद, मुदतीतला डबा खुशाल घेतात.

मग इथल्या डब्याचं काय करायचं? सीलबंद आणि मुदतीतला असेल तर नाशिकच्या घारपुरे घाटावरच्या आधाराश्रमासारख्या, अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या संस्थेला आधी फोन करा. त्यांच्या मुलांना कोणतं दूध चालू आहे, त्यांना डबा हवा आहे का, हे विचारा आणि ते हो म्हणाले तरच न्या. उघडलेला पण मुदतीतला डबा घरातल्या मोठ्यांनी चहात, खिरीत संपवावा. मुदत संपलेला असेल तर पावडर ओल्या कचऱ्यात घाला, डबा ठेचून सुक्या कचऱ्यात टाका आणि घंटागाडीत द्या. भंगारात धड डबा दिला तर तो पुन्हा भरून विकला जाण्याची भीती असते. आणि गोदेत तर काहीच टाकू नका.

पण दवाखान्यातून किंवा दुकानातून नमुना मिळाला असेल तर डबा हातावेगळा करण्याआधी त्याचे फोटो काढा. समोरची बाजू, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख, सोबत चिठ्ठी किंवा कार्ड असेल तर तेही. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात लेखी देता येते. १९९१ साली वर्ध्यात सुरू झालेल्या ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया या संस्थेला या कायद्याखाली न्यायालयात तक्रार करण्याचा अधिकार केंद्र सरकारने दिलेला आहे, त्यांनाही कळवता येतं.

इथे बऱ्याच आया थांबतात आणि मला त्यांचं थांबणं समजतं. बाळाची लसीकरणं त्याच डॉक्टरांकडे व्हायची आहेत, रात्री-बेरात्री ताप आला तर तेच दार वाजवायचं आहे. अशा वेळी मी सुचवते की आधी डॉक्टरांशी शांतपणे बोला. "डॉक्टर, पिशवीत हा डबा होता, तुम्ही लिहून दिला नव्हता, मग कुणी ठेवला?" बऱ्याचदा एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, स्टाफकडे डबे ठेवून जातो आणि पिशव्या तिथे भरल्या जातात. ज्या डॉक्टरांना हे खरंच माहीत नसेल ते दुसऱ्या दिवशी बंद करतील. जे ऐकून घेणार नाहीत, त्यांच्याबद्दल घरातल्या दुसऱ्या कुणीतरी, मामाने, आत्याने, स्वतःच्या नावाने तक्रार लिहावी. त्यात बाळाचं किंवा आईचं नाव घालायची गरज नाही. डबा कुठे, कोणत्या तारखेला मिळाला आणि बॅच क्रमांक काय, एवढं लिहा आणि फोटो जोडा. तुमच्याकडे असा डबा या महिन्यात आला असेल आणि तक्रार मराठीत कशी लिहायची हे अडत असेल तर मला मेसेज करा, मसुदा मी लिहून देते.