‘पुण्यात बसून’ या प्रतिक्रियेला उत्तर

सेलमेंत्स या स्लोव्हाकिया-युक्रेन सीमेने दुभंगलेल्या हंगेरियन बोलणाऱ्या वस्तीवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक इतिहासप्रेमी’ या नावाने आलेली प्रतिक्रिया वाचली. म्हणणं थोडक्यात असं: मी ‘पुण्यात बसून परक्यांच्या सीमेचं दुःख विकते’, दोन गावांना एक म्हणते, १९३८ साली हिटलरच्या कृपेने हंगेरीनेच हा मुलूख बळकावला होता हे दडवते, आणि सोव्हिएत युनियनला सरसकट रशिया म्हणते.

शेवटचं मान्य. लेखात बदल केलाय. आभार.

पण ‘विकते’? या ब्लॉगवर ना जाहिरात ना वर्गणी. मतभेद असू द्या हो, पण समोरच्याचा हेतूच काढायचा, ही कुठली रीत? नाव लपवून असं लिहायला फार इतिहास लागत नाही.

आणि पुण्यात बसून म्हणाल, तर माझं माहेर निपाणीजवळचं. १ नोव्हेंबर १९५६ला आमचं गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. घर, विहीर, बांध सगळं होतं तिथेच. पुढे जमिनीचा उतारा कन्नडमध्ये यायला लागला. आजोबा चष्मा लावून तो कागद उलटसुलट करून बघायचे आणि मग शेजारच्या शाळकरी पोराला हाक मारायचे. जमीन यांची, आणि ती किती आहे हे सांगणार ते पोर! तेव्हा सीमेचं मला कुणी शिकवू नये.

तरीही आमचं आणि सेलमेंत्सचं दुःख एकच आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. निपाणीहून कागलला जायचं तर एसटीत बसलं की झालं. सेलमेंत्सचं काय झालं? पहिल्या महायुद्धानंतर, १९२०च्या ट्रियानोन तहाने ते हंगेरीतून चेकोस्लोव्हाकियात, १९३८ला पुन्हा हंगेरीत. १९४५ला चेकोस्लोव्हाकियाने पूर्वेकडचा मुलूख सोव्हिएत युनियनला दिला आणि नवी सीमा बरोबर या वस्तीतून गेली. नॉज्सेलमेंत्स अलीकडे, किशसेलमेंत्स पलीकडे, मध्ये काटेरी तार. पलीकडच्या माणसाशी बोलायलाही बंदी. मग शेतात काम करता करता बायका मोठ्याने गाणं म्हणायच्या आणि कोण गेलं, कुणाला मूल झालं, हे त्या गाण्यात घालायच्या. पहारेकऱ्याला हंगेरियन कळत नसे. सख्ख्या भावाला भेटायचं तर व्हिसा काढून, लांबच्या नाक्यावरून वळसा घालून जायचं. समोरच्या घरी!

पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी तिथला नाका उघडला २३ डिसेंबर २००५ला. तोवर सोव्हिएत युनियन बुडालं होतं, चेकोस्लोव्हाकियाही मोडलं होतं; अलीकडे स्लोव्हाकिया, पलीकडे युक्रेन. दोनच वर्षांनी, डिसेंबर २००७मध्ये, स्लोव्हाकिया शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात गेला आणि पलीकडच्यांच्या मागे शेंगेन व्हिसाचं शुक्लकाष्ठ लागलं. हे सगळं लिहायला मी तिथे जन्माला यायला हवं होतं का? मग तुम्ही तरी हिटलरबद्दल कुठल्या गावात बसून लिहिलंत?

दोन गावांचं म्हणाल, तर आपल्याकडे बुद्रुक-खुर्द असतात तशी ती दोन नावं. कागदावर दोन असतील, सोयरीक एकच होती. पुढे.

राहिला १९३८चा मुद्दा. तो पहिला व्हिएन्ना निवाडा, जर्मनी आणि इटलीने दिलेला, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मी दडवलेलं नाही. माझा लेख राज्यकर्त्यांवर नव्हता, गावावर होता. ज्यांना बुडापेस्टचा, म्हणजे हंगेरीच्या सरकारचा हिशेब मांडायचाय त्यांनी खुशाल मांडावा, स्वतःच्या ब्लॉगवर.

प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. पुढची लिहाल ती मात्र नावानिशी लिहा, आणि लेखाचा दुसरा भागही वाचून मग लिहा. पहिल्याच्या शेवटी त्याची लिंक दिलेली आहे, बहुधा तुम्ही तिथवर पोचला नसाल.