वायपर मागितला, तर छप्पर फाडून दिलं

मला मागच्या काचेला वायपर पाहिजे होता. बास. सनरूफ नको, डॅशबोर्डवर चौसष्ट रंगांची लाईट नको, पाठीला गार वारा मारणारी सीट नको. मागचं दिसावं एवढीच अपेक्षा, तीपण फक्त रिव्हर्स घेताना.

हा हट्ट का, तर जुन्या गाडीला तो होता आणि त्याच्यामुळे मी दोन-तीनदा खांबापासून वाचलोय. उभ्या पाठीच्या गाडीचं असं असतं की ती पळत असताना तिच्या मागे हवेचा भोवरा होतो आणि चाकांनी उडवलेलं सगळं गढूळ पाणी तो भोवरा इमानदारीत परत ओढून काचेवर आणून थापतो. सेडानला हा त्रास कमी, तिच्या उतरत्या काचेवरून हवा घसरत जाते, म्हणून बहुतेक सेडानला मागे वायपर देतच नाहीत. माझी नवी गाडी उभ्या पाठीची. म्हणजे मागणी रास्त होती की नाही?

शोरूममधला पोरगा गोड होता. "रिअर वायपर आहे ना सर, पॅकमध्ये येतो." कुठल्या पॅकमध्ये, तर त्याने ब्रोशर उलगडलं. सनरूफ, मोठे अलॉय व्हील, पाऊस ओळखणारा पुढचा वायपर, आपोआप लागणारे हेडलाइट, ॲम्बियंट लाइट, आणि सगळ्यात खाली, लग्नाच्या पत्रिकेत लांबच्या नातेवाइकांची नावं असतात तेवढ्या अक्षरात, मागचा वायपर.

म्हणलं, मला फक्त शेवटची ओळ द्या.

"सिस्टिम घेत नाही सर." आणि खरंच घेत नव्हती, मी स्वतः बघितलं. वायपरवर टिक केली की बाकीच्या पाच टिका आपोआप पडायच्या आणि सनरूफची टिक काढली की वायपर गायब. चार वेळा करून बघितलं. पाचव्यांदा त्या पोराने हळूच लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला.

मग टेस्ट ड्राइव्हला पॅकवाली गाडी काढली. आता सनरूफची चौकट आणि काच मागे सरकायची जागा ही कुठून येणार, छतातूनच येणार, त्यामुळे आतलं छत दोन बोटं खाली येतं आणि माझी उंची त्या दोन बोटांतच आहे. केस छताला घासत होते. म्हणजे मागचं नीट दिसावं म्हणून मी पुढचं मान वाकवून बघायचं. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो हे लहानपणापासून ऐकत आलोय, पण कुणी खरंच छप्पर फाडून वर त्याचं बिल लावेल असं वाटलं नव्हतं.

रात्री झोप येईना म्हणून हे असं का करतात ते वाचत बसलो (बायको म्हणाली, "एक वायपर आहे रे, झोप"). आणि वाचता वाचता घोळ असा झाला की मला कंपनीची बाजू पटायला लागली, ज्याचा मला फार राग आला.

समजा गाडीला दहाच जास्तीच्या गोष्टी आहेत आणि प्रत्येक पाहिजे किंवा नको एवढंच निवडायचंय. होतात १,०२४ प्रकारच्या गाड्या. वीस गोष्टी केल्या की आकडा जातो १०,४८,५७६ वर. त्यात रंग धरलेले नाहीत, इंजिनं धरलेली नाहीत. यातला प्रत्येक प्रकार जोडता आला पाहिजे, त्याचे पार्ट योग्य वेळी योग्य जागी हजर पाहिजेत, आणि लाइनवरच्या माणसाने मिनिटभरात ओळखलं पाहिजे की या गाडीला वायपर आहे आणि मागून येणारीला नाही. त्याच वीस गोष्टींची चार गाठोडी बांधली की उरतात फक्त सोळा प्रकार.

यात सगळ्यात मोठी डोकेदुखी वायरिंगची. साध्या गाडीतसुद्धा किलोमीटरच्या वर वायर असते आणि तो सगळा जुडगा आजही मुख्यतः हाताने, फळ्यावर मांडून बांधतात. प्रत्येक फीचरला वेगळी वायर, वेगळा कपलर (वायरी जोडायचा प्लग). गिऱ्हाइकागणिक वेगळा जुडगा बांधायचा म्हणलं तर वेडच लागेल. हेन्री फोर्डने तर हा प्रश्न मुळातूनच उपटला होता, १९१४ पासून पुढची अकरा-बारा वर्षं त्याची मॉडेल टी गाडी फक्त काळी. त्याआधी इतर रंग मिळायचे बरं का, हे मला आत्ता कळलं. आणि युरोपात २०१७ पासून डब्ल्यूएलटीपी नावाची जी टेस्ट आली तिच्यात गाडीचा धूर मोजताना जास्तीच्या फीचरचं वजन आणि हवेचा अडथळासुद्धा धरावा लागतो, म्हणजे मोठी चाकं घेतली की कागदावरचा आकडा बदलला. एवढा हिशोब मागे लागल्यावर प्रकार कमी ठेवावेसे वाटणारच की.

काही जोड्या तर खरंच एका पोटातून आलेल्या असतात. पाऊस ओळखणारा आणि उजेड ओळखणारा सेन्सर बऱ्याच गाड्यांत पुढच्या काचेला चिकटवलेली एकच डबी असते, मग ऑटो वायपर आणि ऑटो हेडलाइट जोडीने येणारच. लेन सांभाळणं आणि अपर-डिपर आपोआप करणं हेपण बहुतेक वेळा एकाच कॅमेऱ्याचं काम. ते ठीक. पण सनरूफचा आणि मागच्या वायपरचा संबंध काय? दोघं पावसात भिजतात एवढाच.

तर याचं उत्तर वायरिंगमध्ये नाहीये, ते आमच्या शेजारच्या काकांमध्ये आहे. काकांनी हीच गाडी पॅकसकट घेतली, केवळ सनरूफसाठी. मागच्या वायपरचं त्यांना फारसं कौतुक नाही, त्यांचं तत्त्वज्ञान असं की "मागे कशाला बघायचं रे, मागून येणारा बघतो की." आता वायपरसाठी मी आठ नोटा द्यायला तयार आहे आणि सनरूफसाठी फार तर दोन. काकांचं बरोब्बर उलटं. कंपनीने दोन्ही सुटं विकलं आणि आठ-आठ भाव ठेवला तर मी वायपर घेणार, काका सनरूफ घेणार, गल्ल्यात सोळा. दोन-दोन भाव ठेवला तर दोघंही दोन्ही घेणार पण गल्ल्यात आठच. आणि दोन्हीचं गाठोडं बांधून दहाला ठेवलं तर? मलाही परवडतं, काकांनाही परवडतं, गल्ल्यात वीस. आम्हा दोघांपैकी कोणाला काय हवंय हे विचारायचीसुद्धा गरज नाही! ही युक्ती जॉर्ज स्टिगलर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये उलगडून दाखवली, गाड्यांवरून नाही, सिनेमावरून. सिनेमा कंपन्या टीव्ही स्टेशनांच्या गळ्यात चांगल्या पिक्चरबरोबर पडेल पिक्चरही मारायच्या, ते प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जाऊन १९६२ ला बेकायदा ठरलं होतं. पुढे स्टिगलरना नोबेलही मिळालं. माझ्या वायपरचा प्रश्न इतक्या वरच्या पातळीवरचा आहे हे बायकोला सांगितलं. ती झोपली होती.

असो. स्वाभिमान म्हणून मी बिनपॅकवाली घेतली. डॅशबोर्डवर तीन कोरी बटणं आहेत, दाबली तर दबत नाहीत, आपण काय काय घेतलं नाही याची रोज आठवण करून द्यायला ठेवलेली. आणि पहिल्याच पावसात मागची काच भिंत झाली.

मग बाहेरच्या एका मेकॅनिककडे गेलो, म्हणलं वायपर बसवून दे. त्याने डिकीच्या दाराचं आतलं कव्हर काढलं आणि हसायलाच लागला. आत कपलर होता. खडखड होऊ नये म्हणून फोमची पट्टी गुंडाळून, बाळासारखा झोपवलेला. म्हणे, "वायर आलीये साहेब, वेगळा जुडगा ठेवण्यापेक्षा यांना चार वायरी जास्त टाकणं स्वस्त पडतं." म्हणजे वायरचे पैसे मी भरलेत! लाव मग मोटर. तर नाही, काचेला भोक नाही, स्टिअरिंगजवळच्या दांडीला फिरवायचं बटण नाही, मागे पाणी मारायची नळी नाही, आणि एवढं सगळं आणून बसवलं तरी गाडीच्या कॉम्प्युटरला सांगावं लागणार की बाबा तुला वायपर आहे, आणि ते या मेकॅनिकच्याने होणार नाही. वॉरंटीचं तर बोलूच नका. फोम परत गुंडाळला, कव्हर लावलं, घरी आलो.

आता गाडीत एक फडकं ठेवलंय. पाऊस असला की रिव्हर्स टाकायच्या आधी उतरायचं, काच पुसायची, पळत येऊन बसायचं, तोवर काच परत तशीच. परवा असाच भिजत पुसत होतो तर शेजारी काकांची गाडी. सनरूफ बंद, धूळ आत येते म्हणून ते उघडतच नाहीत. आणि मागच्या वायपरवर फॅक्टरीतून आलेलं प्लॅस्टिक अजून तसंच.

"काका, निदान प्लॅस्टिक तरी काढा की."

"राहू दे रे," काका छत्रीतून म्हणाले, "नवीन राहतो."