उतारशाळेचं बिल

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्या मंडळीत संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ असतो. लुटारूंनी मारून वाटेवर टाकलेल्या माणसाला एक शोमरोनी प्रवासी उचलून नेतो, तीच ती गोष्ट. तरी तो आपण अर्ध्यावरच सोडतो असं मला फार दिवस वाटतंय. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, इथे आपला उपदेश संपतो. हा दाखला लिहून ठेवणारा लूक मात्र दुसऱ्या दिवसाचंही सांगतो. त्या शोमरोन्याने उतारशाळेच्या, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागेच्या, मालकाला दोन दिनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि वर सांगितलं की जास्त लागले तर परत येताना देईन. अनोळखी माणसाच्या दुखण्याला किती खर्च येईल हे ठाऊक नसताना त्याने तो अंगावर घेतला.

आता परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपासचे फुटपाथ बघा. विदर्भातून, बिहारमधून, बंगालमधून आलेली माणसं. डोक्यावर प्लास्टिक, उशाशी रिपोर्टांची पिशवी. तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट बसलेला असतो, नाकात नळी, ती चिकटपट्टीने नाकावर चिकटवलेली. त्याच्या मांडीवर कुणीतरी पुलावाचं पाकीट ठेवून गेलेलं. तो ते खाणार कसा? नळीतून जातं ते फक्त पातळ, गाळून घेतलेलं. त्याच्या बायकोला मिक्सर हवा असतो आणि तो लावायला एक प्लग. पाकीट देणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, दुसरा कुणी ते खाईलच. पण शोमरोनी 'तो होता तेथे आला' असं शास्त्र म्हणतं. जवळ गेल्याशिवाय काय हवंय ते दिसतच नाही.

पंडिता रमाबाईंना ते दिसलं, कारण भूक त्यांनी स्वतः सोसली होती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्या मुलींना शिक्षण मिळालं, विणकाम आणि छापखान्याचं काम मिळालं, अंध मुली ब्रेल वाचायला शिकल्या. नुसतं एक वेळचं जेवण घालून रमाबाई थांबल्या नाहीत, म्हणून त्यांचं नाव घेताना मला अजूनही भरून येतं.

आणखी एक गोष्ट सांगतो, काहींना खटकेल. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत कॅन्सरच्या पेशंटना आसरा मिळतो. बाबांची दशसूत्री वाचा: भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा, रोग्यांना औषधोपचार. मग बायबलातल्या मत्तयाचा पंचविसावा अध्याय काढा, तिथेही भुकेले, तान्हेले, उघडे आणि रोगी यांचीच सेवा सांगितली आहे. अंगावर काटा येतो. येशूने दाखल्यात याजक आणि लेवी या मंदिराच्या सेवकांना बाजूने जाताना दाखवलं आणि थांबवलं कुणाला, तर ज्याला त्याचे श्रोते परका समजत होते त्याला. आपण ख्रिस्ती आहोत म्हणून या दाखल्यात आपली जागा ठरलेलीच आहे, असं कुणी धरून चालू नये.

'सेवेच्या नावाखाली धर्म वाढवता' हा आरोप आपल्यावर रोज होतो. त्यावर माझं उत्तर साधं आहे. दाखल्यातला शोमरोनी जखमी माणसाशी एक शब्दही बोलल्याचं लिहिलेलं नाही. बोलला तो उतारशाळेच्या मालकाशी, तेही खर्चाबद्दल. आपलीही दया तशीच बिनशर्त असली पाहिजे. पत्रिका वाटायची नाही, प्रार्थनेला बसवायचं नाही, फोटो काढायचा नाही. त्याने मागितली तर प्रार्थना जरूर करावी, मनापासून करावी.

'मला दया पाहिजे, यज्ञ नको.' प्रभूने हे होशेय संदेष्ट्याचं वचन धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या परूश्यांना ऐकवलं. आपल्या चर्चचा हॉल रविवार सोडला तर कुलपात असतो. त्यात पंखे आहेत, दोन संडास आहेत, गॅस आहे. नव्या साउंड सिस्टिमसाठी वर्गणी चालू आहे. येत्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे: साउंड सिस्टिम वर्षभर थांबवा, हॉल पेशंटच्या नातेवाइकांसाठी उघडा आणि स्वयंपाकघरात दोन मिक्सर ठेवा. विजेचं बिल मंडळीच्या दानार्पणातून भरा. ज्यांना पटतंय त्यांनी सभेला यावं आणि हात वर करावा.