खुलासा: एलईडीसाठी मोठा फ्यूज लावू नका

गाडीच्या आतल्या, छताला असलेल्या दिव्यात एलईडी बसवण्याबद्दल मी एक मेसेज लिहिला होता. त्यात ‘फ्यूज उडाला तर जास्त अँपिअरचा लावा, एलईडीला करंट जास्त लागतो’ असं एक वाक्य होतं. ते चुकीचं आहे, आणि चूक माझीच. मेसेज अजून फिरतोय, म्हणून हे लिहितोय.

खरं नेमकं उलट आहे. दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला मूळचा लांबट बल्ब साधारण 5 वॅटचा असतो. 12 व्होल्टवर हिशोब केला तर जवळपास 0.4 अँपिअर. त्या जागी बसणारा एलईडी बहुधा याहून कमीच घेतो. मग माझा फ्यूज उडाला कशाने? दिवा चालू ठेवूनच मी स्क्रूड्रायव्हरने बल्ब उचकटत होतो. टोक एकाच वेळी बल्ब धरणाऱ्या दोन्ही धातूच्या पट्ट्यांना टेकलं, ठिणगी उडाली, शॉर्ट झालं. एलईडीचा काही दोष नव्हता.

फ्यूज वायरिंगच्या जाडीनुसार ठरलेला असतो. तो वाढवला तर पुढच्या शॉर्टला फ्यूज शाबूत राहून वायर तापेल, आणि ती वायर छताच्या कापडामागे असते! मूळ आकड्याचाच फ्यूज लावा, बल्ब काढण्याआधी दिवा बंद करून फ्यूज उपसून ठेवा.

नवा एलईडी पेटला नाही तर आधी उलटा फिरवून बघा. बऱ्याच एलईडींना प्लस-मायनस असतो.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात, त्यांना हा पाठवा.