समुद्र लांब आहे, निश्चिंत राहा

बडोद्यातल्या माणसाने विम्याचा विचार मनात आणण्याआधी एकदा नकाशा उघडावा आणि त्यात समुद्र शोधावा. खंबायतच्या आखातापाशी तो सापडतो, आपल्या सोसायटीच्या फाटकापासून चांगला लांब. तेवढं बघून नकाशा मिटावा. वादळं यायची तर ती दीवला, उन्याला, जखौला येतात. तौक्ते १७ मे २०२१ ला दीव-उन्याच्या बाजूने आलं, बिपरजॉय १५ जून २०२३ ला कच्छात शिरलं. यात बडोद्याचं नाव कुठे आहे? तेव्हा वादळं, विमे, पॉलिसीची कलमं हे सगळं वेरावळ-पोरबंदरच्या लोकांनी बघावं. आपण श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या नगरीतले लोक. आपल्याकडे फार तर अंगणात थोडं पाणी येतं.

या अंगणातल्या पाण्यावरून पंगतीत एखादा खवचट माणूस ऑगस्ट २०२४ च्या पुराची आठवण काढेलच. त्याच्यासाठी उत्तर तयार ठेवा, आणि गंमत म्हणजे ते खरं आहे. त्या आठवड्यात आपल्या डोक्यावर आलं होतं ते चक्रीवादळ नव्हतंच. ते जमिनीवरून रमतगमत चाललेलं अतितीव्र कमी दाबाचं क्षेत्र होतं. त्याने आधी आपल्याला भिजवलं. काळाघोड्यापाशी विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट. पाणी ३५ च्याही वर गेलं आणि समा, हरणी, अकोटा, वडसर सगळीकडे घुसलं. मग ते क्षेत्र सौराष्ट्र-कच्छ ओलांडून अरबी समुद्रात उतरलं आणि ३० ऑगस्टला तिथे त्याचं 'असना' चक्रीवादळ झालं. ऑगस्टात अरबी समुद्रात चक्रीवादळ होणं इतकं दुर्मीळ की त्याआधीचं १९७६ सालचं. इतरांची वादळं समुद्रातून जमिनीवर येतात, आपलं आपल्या गच्च्या मोजून समुद्रावर गेलं. म्हणजे कागदोपत्री बडोदं वादळात बुडालेलंच नाही. ते वादळाच्या उमेदवारीच्या काळात बुडालं.

(पॉलिसीत वादळ, चक्रीवादळ, पूर, पाणी शिरणं हे सगळं एका दमात लिहिलेलं असतं, त्यामुळे बारशात नाव काय ठेवलं याने काही अडत नाही. पण ती ओळ वाचायची तर पॉलिसी उघडावी लागेल. कशाला त्या फंदात पडता?)

सुरुवात गाडीपासून करू, कारण अस्सल बडोदेकर आधी गाडी उंचावर नेतो आणि मग आईवडिलांना वरच्या मजल्यावर.

गाडीचा विमा निवडताना एकच आकडा पाहायचा, सगळ्यात खालचा. पोलिसाने अडवलं तर दाखवायला कागद असला की झालं. कायद्याला हवा असतो तो थर्ड पार्टी विमा, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं काही केलं तर त्याची भरपाई. तुमची स्वतःची गाडी छपरापर्यंत पाण्यात गेली तर त्या कागदाच्या लेखी काही घडलेलंच नसतं. ज्यांना याहून मुरलेला घोळ हवा असेल त्यांचीही सोय आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, दुचाकीला पाच वर्षांचा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र बहुतेकांचा एकाच वर्षाचा असतो. म्हणजे कागदावर एक तारीख दोन वर्षं पुढची, ठसठशीत, आणि तिच्याच शेजारी दुसरी, जी गेल्या दिवाळीतच उलटून गेलेली. पूर ओसरल्यावर गाळाने भरलेल्या सीटवर बसून ही दुसरी तारीख पहिल्यांदा वाचायची मजा काही औरच.

एजंट शक्यतो नात्यातला असावा, साडूचा भाचा वगैरे. तो फोनवर 'थई जशे' म्हणाला की विमा झाला असं समजायचं. फॉर्मही त्यालाच भरू द्या, आपण नुसती सही ठोकायची. 'आयडीव्ही जरा खाली घेऊ का, हप्ता उतरेल' असं त्याने विचारलं तर आनंदाने हो म्हणा. आयडीव्ही म्हणजे गाडी पुरती गेली तर हातात पडणारी रक्कम. छापील किमतीतून वयाप्रमाणे घसारा कापून ती काढतात, आणि चार वर्षं उलटली की ती निम्म्यावर येते. दुरुस्तीचा खर्च या रकमेच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी पूर्ण गेली असं धरतात. स्टिअरिंगपर्यंत बुडालेल्या गाडीला तिथवर पोचायला फारसे कष्ट पडत नाहीत. तेव्हा हप्त्यात वाचवलेल्या नोटा खिशात चाचपून पाहायच्या आणि शोरूमकडे बघायचं नाही.

पण खरा कस लागतो तो अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालून जाणाऱ्या रस्त्यात. चार सरी पडल्या की तिथे पाणी साचतं हे बडोद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. तरीही, समोरची बस गेली म्हणजे आपली गाडी जाणारच, हा विश्वास ढळू देऊ नका. मध्यावर गाडी बंद पडेल. दाराच्या फटीतून पाणी आत येईल, पायातली चप्पल तरंगत क्लचकडे जाईल, मागून हॉर्न सुरू होतील. हाच तो क्षण. किल्ली फिरवा. नाही झाली सुरू? पुन्हा फिरवा. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, आणि हवा दबते तसं पाणी दबत नाही. पिस्टन वर येतो, त्याला जागा मिळत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॉनेटखालून 'कट्' असा एक कोरडा आवाज येतो, आजूबाजूला सगळं ओलं असताना. इथवर झालं ते पावसाचं, इथून पुढचं तुमचं. कारण चांगल्या सर्वसमावेशक पॉलिसीतही कंपनीचं म्हणणं असतं की पाण्याने भिजलं ते आम्ही बघू, भिजलेल्या इंजिनाला किल्ली मारून तुम्ही जे मोडलंत ते परिणामी नुकसान, त्याचं आमच्याकडे काही मागू नका. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाची पुरवणी वेगळे पैसे भरून घ्यावी लागते. साडूच्या भाच्याने तिचं नाव काढलं होतं. तुम्ही 'ए बधुं रहेवा दो ने' म्हणालात.

तिथेच बाजूला एखादा माणूस गाडी सुरू न करता ढकलत बाहेर काढताना दिसेल. बॅटरीची तार सोडेल, फोटो काढेल, टोइंगवाल्याची वाट बघत पावसात उभा राहील. त्याला हसा.

दावा मंजूर झालाच तरी हिरमोड व्हायची सोय साध्या पॉलिसीत आहे. प्लास्टिक, रबर, बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा वजा होतो, काचेतून मात्र दमडीही कापत नाहीत. पुराच्या पाण्याने नेमकी काच सोडून बाकी सगळं खराब होतं. त्यावर झिरो डेप नावाचा, घसारा न कापण्याचा उतारा मिळतो, अर्थातच जादा पैशांत. २०२४ नंतर काही मंडळी ढग भरून आले की गाडी थेट उड्डाणपुलावर नेऊन लावतात. त्यांचीही थट्टा करायचा मोह होतो, पण मला विचाराल तर एवढा एकच विमा आहे ज्याला कलमं नाहीत.

घराचं त्या मानाने सोपं आहे. घराचा विमा काढायचाच नाही. कोणी विचारलं तर 'बँकेने कर्ज देताना काढलाय की' हे वाक्य पाठ ठेवा. तो बहुधा तुमच्या जिवाचा असतो. तुम्ही गेलात तर कर्ज फिटावं, एवढीच त्यामागची कळकळ. भिंत खचली, फरशी उखडली, याने बँकेचं मन द्रवत नाही आणि हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून जातो, गुडघाभर पाण्यातूनही.

१ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एक ठरीव पॉलिसी आली आहे, ती सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ठेवावीच लागते, आणि तीत पूर, वादळ, भूकंप, वीज पडणं असं बरंच काही बसतं. हे तुमच्या कानावर पडलंच तर घाबरून जायचा एक सोपा मार्ग आहे. 'फ्लॅट ऐंशी लाखांचा, म्हणजे विमाही ऐंशी लाखांचा, हप्ता कुठून भरू?' असं मोठ्याने म्हणा आणि विषय सोडून द्या. विमा बांधकामाच्या खर्चाचा असतो, जागेच्या भावाचा नसतो. चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा दर, इतका साधा हिशेब. पुराने अकोट्यातली भिंत पडेल, अकोट्यातला भाव पडलेला कोणी पाहिलेला नाही. घरातल्या सामानालाही इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, असं संरक्षण यादी न देता मिळतं. भाडेकरूंनी 'घर कुठे आपलं आहे?' एवढं म्हणून मोकळं व्हावं. फ्रिज, टीव्ही, गाद्या त्यांच्याच असतात आणि नुसत्या सामानाचा विमाही निघतो, पण ते घरमालकाला कळलं तर तो भाडं वाढवायचा.

दागिने आणि चांदीची भांडी यांची वेगळी व्यवस्था करावी लागते. रोकड, कागदपत्रं, हस्तलिखितं सहसा कुठेच बसत नाहीत. पणजोबांच्या गायकवाडी चाकरीतलं मोडी कागदांचं गाठोडं तळमजल्याच्या दिवाणात असेल तर ते आजच वर न्या. (हा सल्ला चुकून खरा दिला गेला.) विश्वामित्रीतून निघून गच्चीवर किंवा व्हरांड्यात येऊन बसलेली मगर हा विम्याचा विषय नाही. ती वनखात्याची, आणि पाहुणी म्हणून तिची वागणूक बऱ्याच पाहुण्यांपेक्षा बरी असते.

राहिली होडी. २०२४ च्या पुरानंतर 'सोसायटीने एक होडी घेऊन ठेवावी' असा ठराव मांडणारा एक तरी सभासद प्रत्येक सोसायटीत निघाला असेल. घ्या. टाकीशेजारी ठेवा. विम्याचं मात्र कोणाला विचारू नका, कारण ज्यांना होडीचा विमा कळतो ती माणसं वेरावळला, जाफराबादला राहतात आणि त्यांच्यासमोर आपली अब्रू जाईल. त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते की होडी दर्यात न्यायच्या लायकीची पाहिजे. मालकाने जाणूनबुजून कुजक्या फळ्यांची होडी पाठवली आणि त्यापायीच ती बुडाली, तर कंपनी हात वर करते, १९६३ च्या सागरी विमा कायद्याच्या जोरावर. होडी संकटात सापडली तर नुकसान कमी व्हावं म्हणून धडपड करणं हेही विमा घेणाऱ्याचं कर्तव्य म्हणून त्याच कायद्यात लिहून ठेवलं आहे. विमा आहे म्हणून हात बांधून बघत बसायला मुभा नाही. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा चढला की तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, होडी सोडत नाही, आणि ऐन पावसाळ्यात १५ ऑगस्टपर्यंत गुजरातेत मासेमारीच बंद असते. एवढं सगळं पाळूनही तौक्तेमध्ये जाफराबादच्या बंदरात बांधून ठेवलेल्या होड्या फुटल्या. त्या तांडेलाने विम्यावरचं व्याख्यान कधी ऐकलेलं नसतं. आपण युनिव्हर्सिटीतून कॉमर्स केलेली माणसं, रेड अलर्ट आला की रावपुऱ्यात भजी खायला गाडी काढतो.

आता दाव्याची तयारी. पाणी ओसरलं की पहिलं काम म्हणजे घर लख्ख करा. २०२४ ला तर निमित्तही तयार होतं. पूर ऑगस्टअखेर, गणपती ७ सप्टेंबरला. भिंतीवर कमरेच्या उंचीला गाळाची तपकिरी रेघ उठलेली असते, गवंड्याने दोरी धरून आखावी तशी सगळ्या खोलीभर एका पातळीत. दाव्याच्या कामी तिच्याइतका भरवशाचा साक्षीदार नाही, म्हणून आधी तिच्यावर चुना मारा. फुगलेलं कपाट, फ्रिज, मिक्सर भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवा. जुनी बिलं शोधू नका. फोटो काढायची गरज नाही. त्या दिवसाचे फोनमध्ये चाळीस फोटो असतातच, सगळे मगरीचे. नुकसान मोजायला कंपनीचा सर्व्हेअर येईल तेव्हा समोर मखर, समया, उदबत्तीचा वास, आणि काकू म्हणणार, 'आधी प्रसाद घ्या, मग काय ते लिहा.' तो बिचारा हातात खोबऱ्याची खिरापत घेऊन बुडालेलं घर कुठे आहे ते शोधत फिरतो.

विमा नियामकाने २०२४ मध्ये वेळापत्रकही घालून दिलंय. दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा, पुढच्या ७ दिवसांत कंपनीने निर्णय सांगायचा. यातली मेख अशी की हे घड्याळ तुम्ही कळवल्यावर चालू होतं. तेव्हा कळवू नका. साडूचा भाचा बघेल. त्याच्याही घरात पाणी आहे, फोन बंद आहे, आणि तुमच्या पॉलिसीची पीडीएफ त्याच फोनमध्ये आहे.

आणि दावा फेटाळलाच तर कंपनीकडे लेखी तक्रार करून, महिनाभर उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, की वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. कार्यालय अहमदाबादला. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते ऐकतात. पण फुकट आणि वकिलाशिवाय मिळालेल्या न्यायाला काय चव असणार? त्यापेक्षा संध्याकाळी सेव-उसळीच्या लारीवर उभं राहावं आणि विमा कंपन्या कशा लुच्च्या असतात ते सविस्तर सांगावं. तिथे ऐकायला पुष्कळ जण असतात, प्रत्येकाचा कोणी ना कोणी साडूचा भाचा एजंट असतो, आणि रस्सा कितीही वेळा मागितला तरी त्याचे वेगळे पैसे लावत नाहीत.